न उगवलेले बियाणे आणि खरेदीची पावती

दुकानातून आणलेली विजेरी घरी लागली नाही, तर आपण ती दुसऱ्या दिवशी परत नेतो. दुकानदार कुरकुर करील, पण बदलून देतो. बियाण्याचे तसे नाही. त्याचा दोष कळतो तो ते मातीत गेल्यावर, आणि मातीत गेलेला माल परत नेता येत नाही. त्यामुळे सदोष बियाण्याचे नुकसान नशिबाच्या खाती टाकण्याची रीत आपल्याकडे पडून गेली आहे. ही रीत मोडावयास हवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२०१९ च्या परतीच्या पावसात काढणीस आलेले सोयाबीन भिजले व पुष्कळ ठिकाणी त्याची उगवणशक्ती खालावली. २०२० च्या खरिपात बियाणे न उगवल्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची आपण होऊन दखल घेतली. त्याच हंगामात एका शेतकरी बंधूच्या बांधावर जाण्याचा योग आला. चार एकरांत तासागणिक पाच-सहा रोपे तेवढी दिसत होती, असे ते सांगत होते. सांगत होते एवढेच. कारण आम्ही पोहोचलो तेव्हा शेत वखरून दुबार पेरणी झालेली होती. रिकाम्या पिशव्या पावसात भिजू नये म्हणून सरपणावर पांघरलेल्या, त्यांची लेबले गळून गेलेली. पावती विचारली तेव्हा ते म्हणाले, "साहेब, उधारीचा माल. पावती कोणत्या तोंडाने मागायची?"

खरी अडचण या एका वाक्यात आहे. उधार देणाऱ्या दुकानदाराशी वाकडे घ्यावयास कोणी धजत नाही. पण उधारीने घेतलेला माल फुकटचा नव्हे. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाने विक्रेत्यावर रोखीचे अथवा उधारीचे बिल देण्याचे बंधन घातले, ते याचसाठी. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. जो दुकानदार ती देण्यास काचकूच करतो, त्याच्याकडून बियाणे घेऊच नये.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९६६ च्या बियाणे अधिनियमान्वये पिशवीवरील लेबलास अर्थ आला व उगवणशक्तीची किमान मर्यादा ठरली. सोयाबीनसाठी ती शेकडा ७० आहे. परंतु त्या अधिनियमाने अपराध्यास दंड सांगितला, शेतकऱ्यास भरपाई नव्हे. ती उणीव ग्राहक संरक्षण कायद्याने भरून निघते. शेतकरी हा ग्राहकच नव्हे, असा युक्तिवाद राष्ट्रीय बीज महामंडळाने आंध्र प्रदेशातील प्रकरणांत केला होता. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणे राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. २०१९ च्या नव्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची असून मालाची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी पडत नाही.

न्यायालयाने सवलत दिली तरी मूठभर बियाणे राखून ठेवणे शहाणपणाचे. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वरचे लेबल शाबूत राहते. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी, पाणी शिंपडत राहावे आणि सहा-सात दिवसांनी मोजावे. लेबलावर ७० चा आकडा आणि गोणपाटात पन्नासच कोंब असतील, तर ती पिशवी पेरू नये. पावतीसह दुकानी न्यावी. याच टप्प्यावर बियाणे हे विजेरीसारखे परत करता येते!

प्रत्येक वेळी दोष बियाण्याचाच असतो असे मात्र नाही. पुरेशी ओल नसता घाईने केलेली पेरणी, चार सेंटिमीटरहून खोल पडलेला दाणा, ट्रकमधून आदळलेल्या पिशव्या, यांनीही सोयाबीन दगा देते. त्याचे साल फार नाजूक. म्हणूनच उभ्या शेताची पाहणी वेळेवर होणे अगत्याचे आहे. आठवड्या-दहा दिवसांत उगवण दिसली नाही, तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि पाहणी होईपर्यंत निदान काही तास तरी न मोडता राखावेत. ओल उडून जात असताना थांबणे किती कठीण असते, याची जाणीव आहे. म्हणून सारे शेत अडकवून ठेवा असे कोणी सांगू नये.

येथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याची कसोटी लागते. पंचनाम्यात लॉट क्रमांक, पेरणीची तारीख, खोली, ओल व एक मीटर तासातील रोपांची संख्या नोंदवलेली हवी. "उगवण समाधानकारक नाही" एवढ्या मोघम शेऱ्यावर कोणत्याही आयोगापुढे दावा उभा राहत नाही. अहवालाची प्रत शेतकऱ्यास त्याच वेळी मिळावी. पुष्कळदा ती मिळत नाही, हे आमच्या खात्यातील मंडळींनी मोकळ्या मनाने कबूल करावे.

पेरणीपूर्वीच्या सभेत गोणपाटाची चाचणी दाखवून झाली, की प्रत्येकाने आणलेली पावती एकदा वाचून पाहावी. तिच्यावर लॉट क्रमांक नसेल, तर त्या वेळी दुकान उघडेच असते.