मिसिंग कुठं मारतंय?



मागच्या पावसाळ्यात आम्ही एक जुनी मारुती ८०० घेतली. ही गाडी भारतात डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पहिल्याच रविवारी आम्ही पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या पुढं चढ लागला नि गाडी धक्के खाऊ लागली. "इंजिनच गेलं, फसवलं आपल्याला," असं म्हणून मी विकणाऱ्याला दोष देऊन मोकळा!

दुसऱ्या दिवशी गाडी उद्यमनगरात नेली. मेस्त्रींनी नुसता कान दिला. "गुरुजी, मिसिंग मारतंय. तिघांतला एक काम करंना. कोण ते बघूया."

या इंजिनात तीन सिलिंडर असतात. प्रत्येकात हवा आणि पेट्रोल दाबलं जातं आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. एका ठिकाणी पेटलं नाही, की उरलेल्या दोघांवर ओझं पडतं.

मेस्त्रींनी रबरी मुठीच्या पकडीनं चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढून पुन्हा लावली. (बॅटरी १२ व्होल्टची असली, तरी या वायरीत हजारो व्होल्ट असतात. तुम्ही मुळीच हात लावायचा नाही हं!) पहिली काढली, इंजिन जास्तच थरथरलं. तिसरी काढली, तसंच. दुसरी काढली, तर काहीच फरक नाही! सांगा पाहू, काम कोण करत नव्हता? बरोबर, दुसरा.

"मग त्याचा प्लग टाका बदलून," मी म्हणालो.

"थांबा की. आधी जागा बदलून बघू."

इंजिन बंद करून, गार होऊ देऊन त्यांनी दुसऱ्याचा प्लग तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा दुसऱ्याला लावला. प्लग खराब असता, तर दोष त्याच्याबरोबर तिसऱ्याकडं गेला असता. पण दोष दुसऱ्यातच राहिला. म्हणजे प्लग निर्दोष! मग नवी वायर लावली आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. जुन्या वायरीला बारीक चीर होती. ठिणगी प्लगपर्यंत न पोचता वाटेतच लोखंडावर उडत होती. ओलाव्यात आणि चढावर जास्तच. आजच्या गाड्यांतला संगणक कोणता सिलिंडर बिघडला ते सांगतो. का बिघडला, ते मात्र असंच शोधावं लागतं.

घरी येताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. शेवटच्या बाकावर बसायचा, फळ्यावरचं चुकीचं उतरवायचा. "लक्ष नाही तुझं," म्हणून मी त्याला दोनदा रागावलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याला पहिल्या बाकावर बसवलं, बाकी काही बदललं नाही. वहीत एकही चूक नाही! डोळे तपासले, चष्मा लागला. मी त्याची माफी मागितली.

आता तुमचं काम. घरातली विजेरी लागत नसेल, तर सेल आणि बल्ब एकदम बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोष कुणाबरोबर जातो ते पाहा. सापडलं की वहीत लिहा. आणि तोवर कुणालाही नावं ठेवायची नाहीत, बरं का!