एका मेणबत्तीचा वाढदिवस



वाढदिवस म्हटला की तुम्हाला काय आठवतं? केक, फुगे, नवे कपडे आणि वर्गात वाटायची चॉकलेटं! पुढाऱ्यांचा वाढदिवस असला तर चौकात भलामोठा फलकही लागतो. आज एका खूप मोठ्या माणसाच्या अगदी छोट्या वाढदिवसाची गोष्ट सांगतो.

मिठापासून मोटारीपर्यंत कितीतरी वस्तूंवर 'टाटा' हे नाव तुम्ही वाचलंय. या उद्योगसमूहाचे रतन टाटा १९९१ ते २०१२ अशी एकवीस वर्षं अध्यक्ष होते. त्यांचा जन्म २८ डिसेंबर १९३७ चा. म्हणजे २०२१ साली ते ८४ वर्षांचे झाले.

आपल्याकडे या वयाला फार मान, बरं का! हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचं आपण 'सहस्रचंद्रदर्शन' करतो. वर्षात सरासरी १२.३७ पौर्णिमा येतात. करा बरं भागाकार! उत्तर येईल जवळजवळ ८१ वर्षं.

मग एवढ्या मोठ्या साहेबांसाठी केवढा थाट असेल? छे! त्या दिवसाच्या चित्रफितीत ते खुर्चीत बसलेले दिसतात. समोर वाटीएवढा केक आणि त्यावर एकच मेणबत्ती. शेजारी त्यांच्या कार्यालयात काम करणारा शंतनू नायडू हा तरुण. साहेबांनी मेणबत्ती विझवली. शंतनूनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि केकचा घास भरवला. बस्स, एवढंच!

दोघांच्या वयात पन्नासहून अधिक वर्षांचं अंतर. मग मैत्री जमली कशी? पुण्यात रात्री भटकी कुत्री गाड्यांखाली सापडत. ती चालकांना लांबून दिसावीत म्हणून शंतनूनं त्यांच्यासाठी चमकणारे पट्टे तयार केले आणि टाटांना पत्र लिहिलं. टाटांचाही कुत्र्यांवर भारी जीव! तिथून ओळख वाढली.

आणखी एक गोष्ट ऐका. त्याच २०२१ च्या जानेवारीत आपला एक जुना कर्मचारी आजारी आहे, असं टाटांना कळलं. ८३ वर्षांचे टाटा मुंबईहून पुण्याला त्याच्या घरी जाऊन त्याला भेटून आले. ना गाजावाजा, ना फलक. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी टाटा गेले, तेव्हा लोकांना त्यांच्या कारखान्यांइतक्याच या गोष्टीही आठवल्या.

मुलांनो, फलक पैसे देऊन लावता येतो. प्रेमानं भरवलेला घास मात्र विकत मिळत नाही. तो आधी आपण दुसऱ्याला भरवावा लागतो.

आता आपल्या घराकडे वळू. आजोबांना त्यांची जन्मतारीख विचारा. बऱ्याच जणांची निघेल १ जून! पूर्वी खेड्यापाड्यांत जन्माची नोंद नसायची. शाळेत नाव घालताना गुरुजी वयाचा अंदाज घेऊन हीच तारीख लिहीत. अशा कितीतरी आजोबांचा वाढदिवस आजवर कुणी केलाच नसेल.

तर हा तुमचा गृहपाठ. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी, शिपाईमामा, शेतावरचे सालगडी काका यांपैकी एकाचा वाढदिवस माहीत करून घ्या. तारीख ठाऊक नसेल तर सगळे मिळून एक ठरवा. खर्च नको. एक हातानं केलेलं शुभेच्छापत्र आणि गुळाचा खडा पुरे. मात्र त्यांना आधी कळू द्यायचं नाही हं!

आणि आईबाबा, या गुपितात तुम्हीही सामील व्हा.