समुद्र अफाट, राखणदार मूठभर

2015 सालच्या जानेवारीत अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, शेफर्ड्सटाउन नावाच्या लहानशा गावी, उपग्रहांकडून येणारी माहिती तपासत बसलेल्या एका विश्लेषकाला पडद्यावरील एका ठिपक्याची चाल संशयास्पद वाटली. तो ठिपका म्हणजे हजारो मैल दूर, पॅसिफिक महासागरात, पलाऊ या द्वीपराष्ट्राच्या हद्दीत शिरलेली तैवानची एक मासेमारी नौका होती. पलाऊची गस्तनौका तिच्या मागावर निघाली आणि दोन दिवसांहून अधिक पाठलाग करून तिने तिला गाठले. तपासणीत शार्कचे शेकडो पर हाती लागले, आणि पुढे दंडही वसूल झाला. घटना यशाची खरी. परंतु चोर पलाऊच्या दारात, आणि त्याला पाहणारा डोळा मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, या विसंगतीतच छोट्या राष्ट्रांच्या सागरी स्वातंत्र्याचा सगळा पेच सामावलेला आहे.

पलाऊची भूमी अवघी सुमारे 460 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे 18 हजार, म्हणजे आपल्याकडील तालुक्याच्या एखाद्या गावाएवढी. पण 1982 च्या सागरी कायदाविषयक आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक किनारी राष्ट्राला 200 सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र बहाल केले, आणि शेकडो बेटांच्या या देशाच्या वाट्याला सुमारे 6 लाख चौरस किलोमीटर समुद्र आला. साऱ्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ 3 लाख 8 हजार चौरस किलोमीटर आहे. त्याच्या जवळजवळ दुप्पट पाण्याची राखण मूठभर सागरी पोलिसांनी करायची, आणि तीही दीर्घकाळ मोठी म्हणावी अशी एकच गस्तनौका हाताशी असताना! कायद्याने मालकी दिली. ती सांभाळण्याचे बळ मात्र दिले नाही.

या समुद्रात चोरण्यासारखे पुष्कळ आहे. खोल पाण्यात कुपा, म्हणजेच टूना, आणि त्याच्याबरोबर गळाला लागणारे शार्क. प्रवाळखडकांवर समुद्रकाकडी आणि शिंपले. समुद्रकाकडीला चिनी बाजारात मोठा भाव मिळतो आणि शार्कचे पर सुपासाठी विकले जातात. अर्थातच चोरही दोन प्रकारचे आहेत. पहिला, पोलादी जहाजाचा, परवाना बाळगून तो मोडणारा किंवा मुळात परवानाच नसणारा. दुसरा, व्हिएतनामच्या किनाऱ्यावरून सुमारे 3 हजार किलोमीटर अंतर लाकडी नावेतून तोडून येणारा. पहिल्याच्या जहाजावर स्थान सांगणारे यंत्र असते, म्हणून उपग्रहाला तो दिसू शकतो. दुसऱ्याच्या नावेवर असे यंत्र बहुधा नसतेच. तो थेट प्रवाळखडकावर उतरतो, आणि बेटावरील लोकांच्या रोजच्या ताटातला घास उचलून नेतो.

सापडलेल्या चोराचे करायचे काय, हा त्याहून अवघड प्रश्न. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत देशाचा कायदा पुरता चालतो. त्यापलीकडे मात्र 1982 च्या करारानुसार जहाज पकडता येते, दंड करता येतो. पण दोन राष्ट्रांत तसा करार नसल्यास केवळ मासेमारीच्या गुन्ह्यासाठी कैद करता येत नाही, आणि तारण भरताच खलाशांना सत्वर सोडावे लागते. जेथे कैदेची मुभा आहे, तेथे ती परवडत नाही. 2015 च्या जूनमध्ये पलाऊने पकडलेल्या व्हिएतनामी नौकांपैकी चार नौका भर समुद्रात जाळल्या आणि 77 खलाशांना उरलेल्या नौकांतून मायदेशी धाडून दिले. 77 ही संख्या लहान वाटते. परंतु लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले, तर महाराष्ट्राला एकाच वेळी सुमारे 5 लाख परदेशी बंदी पोसण्याचा प्रसंग यावा, तसे हे होते. त्या ज्वाळांची छायाचित्रे जगभर झळकली. त्यांत आवेश होता, तशी अगतिकताही होती.

शिवाय अशा कारवाईत माणसे मरतात. 2012 च्या वसंतात चिनी मासेमारांच्या एका लहान बोटीचे इंजिन निकामी करण्यासाठी पलाऊच्या पोलिसांनी गोळीबार केला. त्यात एक चिनी मच्छीमार मृत्युमुखी पडला. मूळ जहाज त्याच्या खलाशांनीच पेटवून बुडवले. त्या जहाजाच्या शोधात गेलेले छोटे विमान, वैमानिक आणि दोन पोलिसांसह, परत आलेच नाही. काही टोपल्या माशांपायी दोन्ही बाजूंची घरे उजाड झाली. आणि ज्यांनी ही जहाजे पाठवली, भांडवल घातले, माल विकत घेतला, त्यांच्यापैकी कोणाच्याही केसाला धक्का लागला नाही. चोरीचा खरा धनी समुद्रावर नसतोच. तो बंदरात असतो, बाजारात असतो.

म्हणूनच पलाऊने पुढे उचललेली पावले अधिक विचारणीय ठरतात. माशांची वीण टिकावी म्हणून प्रवाळखडकाचा भाग काही काळ बंद ठेवण्याची, 'बुल' नावाची प्रथा तेथील प्रमुखांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली होती. त्याच परंपरेचा आधार घेऊन अध्यक्ष टॉमी रेमेंगेसाऊ यांनी 2015 च्या ऑक्टोबरमध्ये सागरी अभयारण्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. 1 जानेवारी 2020 पासून सुमारे 80 टक्के आर्थिक क्षेत्रात व्यापारी मासेमारी बंद झाली. यात निसर्गप्रेम होते, तसा व्यवहारही होता. जेथे काहींना परवानगी आणि काहींना नाही, तेथे प्रत्येक जहाजाचे कागद तपासावे लागतात. जेथे कोणालाच नाही, तेथे गळ टाकलेले जहाज दिसणे हाच पुरावा.

पण या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. परवान्यांचे उत्पन्न घटले, आणि ज्या पर्यटनावर भिस्त ठेवली होती, ते कोरोनाच्या साथीने त्याच वर्षी ठप्प झाले. नंतरच्या राजवटीत बंद समुद्राचा काही भाग पुन्हा खुला करावा, असा विचार पुढे आला, तो याच ओढगस्तीतून. चोरटे तर थांबले नव्हतेच. 2020 च्या डिसेंबरमध्ये दूरच्या हेलन प्रवाळखडकाजवळ समुद्रकाकडी काढणारे चिनी जहाज पकडले गेले, आणि साथीच्या दिवसांत 28 खलाशांवर खटला चालवण्याऐवजी त्यांची बोळवण करण्यात आली.

आज पलाऊकडे 2018 मध्ये जपानच्या निप्पॉन प्रतिष्ठानने दिलेली 'केडाम' आणि 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाने दिलेली 'रेमेलिक द्वितीय' या गस्तनौका आहेत. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या जहाजांवर पलाऊचे अधिकारी गस्तीला जातात. ही मदत मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु उसने बळ देणाऱ्याला स्वतःचेही हिशेब असतात. पॅसिफिकमध्ये चीनशी चाललेल्या चुरशीला ओहोटी लागली, तर हे औदार्य किती टिकेल, हा प्रश्न पलाऊच्या धुरीणांना पडल्यावाचून राहणार नाही.

त्याहून टिकाऊ मार्ग दोन आहेत. पहिला, छोट्यांच्या एकजुटीचा. 1979 मध्ये होनिआरा येथे स्थापन झालेली पॅसिफिक राष्ट्रांची मत्स्यव्यवसाय संस्था, 1982 चा नाउरू करार आणि संयुक्त गस्तीसाठी झालेला 1992 चा नियुए करार, ही त्याची उदाहरणे. दुसरा, बंदरांच्या नाकेबंदीचा. बेकायदा मासा उतरवूनच घेऊ नये, असे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2016 मध्ये अमलात आला. 2017 मध्ये युरोपीय संघाने व्हिएतनामला निर्यातबंदीचा इशारा दिला. त्या इशाऱ्याची धास्ती तेथील शासनाला पलाऊने जाळलेल्या नौकांहून अधिक वाटली असेल. गस्तनौका एका चोराला अडवते. बंद झालेली बाजारपेठ चोरीचा नफाच हिरावून घेते.

18 हजारांच्या राष्ट्राने आपल्या वाट्याचे काम केले आहे. कायदा केला, उत्पन्न सोडले, माणसेही गमावली. समुद्राची राखण केवळ समुद्रावर होत नाही. ज्या बंदरांत हा माल उतरतो आणि ज्या ताटांत तो वाढला जातो, तेथील राज्यकर्ते आणि ग्राहक जोवर तो मासा कोठून आला हे विचारणार नाहीत, तोवर पलाऊच्या एखाददुसऱ्या गस्तनौकेने कितीही पाठलाग केला, तरी तो अपुराच पडणार.