महिना ५०० झ्लॉटी फक्त!

पोलंडचा फुटबॉलर म्हटलं की आपल्या तोंडी एकच नाव येतं, लेवांडोव्स्की. पण त्याच टीममध्ये, त्याच डॉर्टमुंडमध्ये उजव्या बाजूने धावणारा १६ नंबरचा एक मिडफिल्डर होता. याकुब ब्वाश्चिकोव्स्की. नाव उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून सगळे त्याला 'कुबा' म्हणायचे.

कुबाबद्दल काहीही शोधा, आधी त्याच्या लहानपणाची शोकांतिकाच समोर येते. तो दहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याच्या डोळ्यांदेखत आईचा खून केला. आजीने त्याला वाढवलं. मामा येझी ब्झेंचेक हा पोलंडचा माजी कॅप्टन. त्याने भाच्याला पुन्हा मैदानावर आणलं. मागे सॅड म्युझिक लावून रील बनवायला एवढं पुरेसं आहे. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. दुःख त्याच्या वाट्याला आलं, ते त्याने निवडलं नव्हतं. माणूस मोजायचा तो त्याने काय निवडलं त्यावरून.

करिअर तर दणदणीतच. डॉर्टमुंडसोबत २०११ आणि २०१२ अशी सलग दोन वर्षं बुंडेसलिगा जिंकली. युरो २०१२ मध्ये वॉर्सात कॅप्टन म्हणून रशियाविरुद्ध डाव्या पायाने मारलेला गोल आजही बघण्यासारखा आहे. मग २०१४ मध्ये गुडघ्याची मोठी दुखापत झाली आणि कॅप्टनपद लेवांडोव्स्कीकडे गेलं. कुबा मात्र टीमसाठी खेळत राहिला. युरो २०१६ मध्ये त्याने दोन गोल केले आणि पोलंड क्वार्टर फायनलपर्यंत पोहोचला. तिथे पोर्तुगालविरुद्ध शूटआउटमध्ये त्याचीच पेनल्टी अडवली गेली. फुटबॉल असा निष्ठुर असतो.

पण माझ्यासाठी खरा कुबा दिसतो तो २०१९ च्या जानेवारीत. ज्या विस्वा क्राकुफने त्याला घडवलं, तो क्लब कर्जात बुडाला होता. खेळाडूंचे पगार थकले होते, लीगचं लायसन्सही धोक्यात होतं. अशा वेळी जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधून कुबा तिथे परतला. पगार किती? महिना ५०० झ्लॉटी, म्हणजे तेव्हाचे जेमतेम नऊ-दहा हजार रुपये. वर आणखी दोघांसोबत मिळून त्याने क्लबला ४० लाख झ्लॉटी कर्जाऊ दिले.

'पण शेवटी क्लब २०२२ मध्ये खालच्या लीगमध्ये गेलाच ना?' असं कुणी म्हणेल. गेला. म्हणून तो निर्णय चुकला का? मला नाही वाटत. खालच्या लीगमधून वर यायची संधी तरी असते. बंद पडलेल्या क्लबला तीही नसते.

आपल्याला करिअर म्हटलं की फक्त बाहेर पडणं शिकवलं जातं. गावातून शहरात, शहरातून परदेशात. बाहेर जाण्यात चूक काहीच नाही, कुबाही गेलाच. पण जिथून निघालो तिथे गरज असताना मागे वळणं, हाही करिअरचाच भाग असू शकतो. पॅकेज विचारणाऱ्या काकांना हे पटणार नाही, चालायचंच.

१६ जून २०२३ ला वॉर्सात जर्मनीविरुद्ध कुबा पोलंडकडून शेवटचा, १०९ वा सामना खेळला आणि सोळाव्या मिनिटाला मैदानाबाहेर आला. स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. अशा टाळ्या ट्रान्सफर फी बघून वाजत नाहीत.