पांढरं जातंय? अंगावर काढू नका

येडशीतल्या आणि पंचक्रोशीतल्या आयाबहिणींनो, लेकीसुनांनो, अंगावरून पांढरं जाण्याबद्दल आज उघड बोलू. ही तक्रार घरोघरी आहे आणि घरोघरीच दाबली जाते. सासूला सांगायचा संकोच, नवऱ्याला सांगायची भीती आणि दवाखान्यात तपासून घ्यायची लाज. म्हणून कुणी काहीच झालेलं नसताना धास्तावून राहते, तर कुणी खरा आजार असूनही अंगावर काढते. दोघींनाही माझं सांगणं एकच आहे: तपासून घ्या.

तुम्ही एकट्या नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या फक्त ८ टक्के.

आधी नेहमीचं काय ते ओळखू. वयात आलेल्या प्रत्येक बाईला थोडा स्राव होतोच. तो पाण्यासारखा किंवा दुधाळ असतो, त्याला घाण वास नसतो, खाज नसते. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तो जास्त आणि चिकट होतो, गरोदरपणातही वाढतो. योनी त्यातून स्वतःची सफाई करत असते. ‘हाडं झिजून पांढरं जातं’ असं आपल्याकडे म्हणतात, पण ते खरं नाही. हाडांतून काहीही वितळून खाली येत नाही. कंबर दुखते, थकवा येतो, चक्कर येते, त्यामागे बऱ्याचदा कमी रक्त आणि न संपणारं काम असतं. तेव्हा हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

आता बिघाडाची लक्षणं. दह्याच्या गुठळ्यांसारखा घट्ट स्राव आणि जोराची खाज असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. साखरेचा आजार असलेल्या, गरोदर किंवा नुकतीच अँटिबायोटिक घेतलेल्या बाईला तो सहज होतो. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर बघा. पातळ, राखाडी स्राव आणि मासळीसारखा वास असेल तर योनीतल्या जंतूंचा तोल बिघडलेला असतो. या दोन्हींवरून कुणाच्या वागण्यावर संशय घेऊ नका. पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव मात्र संबंधातून येणाऱ्या जंतूचा असू शकतो. त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर बाई बरी होऊन पुन्हा आजारी पडते. पण नुसत्या रंगावरून घरी निदान करू नका. दोन आजार एकदम असू शकतात, आणि काही संसर्ग लक्षण न दाखवता गर्भनलिकांपर्यंत जातात व पुढे मूल राहायला अडचण करतात.

खालीलपैकी काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा:
- ओटीपोटात जोराचं दुखणं, सोबत ताप.
- गरोदरपणात अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, घाण वास येणं.
- बाळंतपण किंवा गर्भपातानंतर घाण वासाचा स्राव आणि ताप.
- लहान मुलीला रक्त किंवा घाण वासाचा स्राव. तिला दटावू नका, शांतपणे विचारा.

आणि यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात जा: पाळी गेल्यावर पुन्हा लाल डाग दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, मधल्या दिवसांत रक्त जाणं, रक्तमिश्रित किंवा कुजका वास असलेला स्राव. हे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं.

घरी काय करायचं? बाहेरून साध्या पाण्याने धुवा, सुती कपडे घाला, ते उन्हात वाळवा. आत साबण, डेटॉल, तुरटी काही घालू नका. त्याने चांगले जंतू मरतात आणि त्रास वाढतो. मेडिकलमधून सांगून गोळ्या आणू नका, जावेच्या उरलेल्या गोळ्याही घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेला डोस मात्र पुरा करा.

सुरुवात आशाताईपासून करा. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर धाराशिवचं सरकारी रुग्णालय, कुठेही जा. शेवटची पाळी कधी आली, त्रास किती दिवस आहे, रंग-वास कसा, तांबी बसवली आहे का, हे न लाजता सांगा. बाई डॉक्टर मागा, तपासताना आपलं माणूस किंवा नर्स जवळ हवी असं सांगा. तो तुमचा हक्क आहे. लग्न न झालेल्या मुलींनीही जावं. पुष्कळदा नुसतं विचारून आणि बाहेरून बघूनच औषध देता येतं.

एका बाबतीत फार सावध राहा. नुसतं पांढरं जातंय म्हणून कुणी ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ म्हटलं तर लगेच होकार देऊ नका. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. दुसऱ्या डॉक्टरांचं, शक्यतो सरकारी रुग्णालयातलं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

कॅन्सरच्या भीतीवर उपाय आहे तपासणीचा, आणि त्याचा पुरावा जगाला आपल्याच जिल्ह्याने दिला. १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या मंडळींनी जागतिक कर्करोग संशोधन संस्थेसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. एका गटाला एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी दिली गेली. आठ वर्षांत त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ जणी दगावल्या. जवळपास तेवढ्याच, पण तपासणी न मिळालेल्या गटात ६४. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, जगभर वाचले गेले. आपल्या मायमावश्यांनी दिलेला हा धडा आपणच विसरायचा का? तिशी ओलांडली की त्रास नसला तरी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. सरकारी कार्यक्रमात दर पाच वर्षांनी ती करण्याची सोय आहे, आणि तपासायला काही मिनिटं पुरतात.

शेवटचं सांगणं घरच्या पुरुषांना. बायको त्रास सांगू लागली तर संशय घेऊ नका, ‘होईल बरं’ म्हणून उडवून लावू नका. एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, सोबत जा. डॉक्टरांनी तुम्हालाही गोळ्या दिल्या तर त्या घ्या.