जन्नतखालाचा दरारा
खाष्ट सासू लिहायला सोपी, वठवायला महाकठीण. अझरबैजानच्या नसीबा झेनालोवा यांनी १९७८ च्या ‘गायनाना’, म्हणजे ‘सासू’, या चित्रपटात ती अशी वठवली, की जन्नतखाला सुनेला कितीही धारेवर धरो, ती पडद्याआड गेली की चुकल्यासारखं होतं. (खाला म्हणजे आपली मावशीच.) ही हुकमत रंगभूमीवर कमावलेली. १९१६ साली बाकूत जन्मलेल्या नसीबा जेमतेम दोन वर्षांच्या असताना वडील गेले. ते जहांगीर झेनालोव, व्यापार सांभाळून अझरबैजानी रंगभूमीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या पिढीत तिथे बायकांच्या भूमिका बहुधा पुरुषच करत. त्यांचीच लेक पुढे बाकूच्या संगीत विनोदी नाट्यगृहाचा कणा झाली. १९५८ च्या ‘ओगेय आना’त, म्हणजे ‘सावत्र आई’त, तिने फातमानिसा केली, १९६७ मध्ये ‘लोककलावंत’ हा सोव्हिएत काळातला मोठा किताब मिळाला. विनोदी चरित्रभूमिकांना दुय्यम समजण्याची खोड जगभर आहे, आणि ती साफ चुकीची आहे. प्रेक्षकाला हसवत ठेवून पात्राचा हट्ट, माया आणि एकटेपण एकाच वेळी दाखवणं हे कोणत्याही शोकनायिकेइतकंच कसाचं काम. २००४ मध्ये नसीबा गेल्या. भाषा येत नसली तरी ‘गायनाना’ एकदा जरूर पाहा.