काढलेला स्कॅन पुरता वाचा

खांद्याचा सांधा बदलण्याआधी सीटी स्कॅन काढतात तो मापासाठी. वाटी किती झिजली, स्क्रू कुठे धरेल, एवढे पाहून तो पाकिटात जातो. हाडात किती दम उरला आहे, हेही त्याच स्कॅनमध्ये असते. ते अहवालात यायलाच हवे.

फ्रान्समधले सर्जन पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये उलटा सांधा आणला. त्यात गोळा फऱ्यावर आणि वाटी दंडावर बसवतात. फाटलेल्या स्नायूबंधांचे काम मग डेल्टॉइड स्नायू करतो आणि ती सगळी ओढ खांद्याच्या टोकावरच्या हाडावर येते. हाड ठिसूळ असेल तर तिथे किंवा फऱ्याच्या कण्यावर तडा जातो. मोठ्या अभ्यासांत असे रुग्ण शंभरात चारच्या आसपास आढळतात; संधिवात किंवा ठिसूळ हाडे असलेल्यांत अधिक. तडा बारीक असल्याने साध्या एक्स-रेत अनेकदा निसटतो.

जालना जिल्ह्यात याची झळ जास्त बसते. शस्त्रक्रिया छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला होते, दुखणे मात्र अंबड-घनसावंगीत घरी परतल्यावर सुरू होते. हात वर करून मोसंबी तोडणारी बाई ते महिनोन्‌महिने अंगावर काढते.

सीटीत हाडाची घनता हौन्सफिल्ड अंकांत मोजता येते. या मापात पाणी शून्य आणि हवा उणे हजार. स्कॅन आधीच झालेला असतो, नव्याने किरणे द्यावी लागत नाहीत. सीटी नसेल तर दंडाच्या एक्स-रेवर, डेल्टॉइड चिकटतो त्याच्या जरा वर, हाडाच्या बाहेरच्या रुंदीला आतल्या पोकळीच्या रुंदीने भागायचे. उत्तर १.४ च्या खाली आले तर हाड विरळ असल्याची शंका घ्यावी. यासाठी लागते ती फक्त मोजपट्टी!

तडा जाईलच, असे यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण धोका आधी कळला तर ठिसूळपणाची औषधे वेळेवर सुरू होतात आणि सांधा बसवताना ओढ बेताची ठेवण्याचा विचार करता येतो.

जालन्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. पहिली तुकडी शिकते आहे तोवरच तिथे खांद्याच्या प्रत्येक अहवालात हाडाच्या ताकदीची ओळ सक्तीची करावी. आणि घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदावर ठळक मराठीत लिहावे : खांद्याच्या टोकावर नव्याने दुखू लागले तर थांबू नका, सीटी काढायला या.